बोराटीची गोळी: शेवटचा सेकंद आणि त्याआधीचे छप्पन तास

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये 'क्रिटिकल रिव्ह्यू' नावाचा एक प्रकार करायला लावतात. बरेच जण त्यात पेपरचा सारांश लिहितात आणि शेवटी 'नमुन्याचा आकार लहान आहे' असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. टीकात्मक वाचन याहून वेगळं असतं. लेखकाने प्रश्न कोणता विचारला, पुरावा कोणत्या प्रश्नाचा दिला आणि निष्कर्ष कोणत्या प्रश्नावर काढला, हे तीनही प्रश्न एकच आहेत का, ते तपासायचं असतं. सोपं वाटतं, पण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो.

आज सरावासाठी जर्नलमधला पेपर घेत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं एक प्रकरण घेतो, ज्यावर चहाच्या टपरीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे चर्चा झाली: टी-१ वाघीण, म्हणजेच अवनी. 'स्वसंरक्षणासाठी शस्त्र चालवलं' हा दावा तपासायचा तर यापेक्षा चांगलं उदाहरण जवळपास नाही. विषय कायद्याचा आणि नीतीचा आहे, मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे. पण पुरावा आणि निष्कर्ष यांतलं अंतर मोजायचं काम सगळीकडे सारखंच असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरवायला हा लेख नाही. ते काम न्यायालयाचं आहे. आपण फक्त युक्तिवाद तपासणार आहोत, दोन्ही बाजूंचे.

घडलं काय?

राळेगाव, पांढरकवडा आणि आसपासच्या भागात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसांच्या मृत्यूशी या वाघिणीचं नाव जोडलं गेलं. त्यातल्या प्रत्येक मृत्यूला सारखाच भक्कम पुरावा होता असं नाही, हेही त्याच वेळी बोललं जात होतं. पण गावांतली भीती खरी होती. कोणी ढोरं चारायला गेलेलं, कोणी वावरात कामाला गेलेलं, आणि परत आलंच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लागोपाठ बळी गेल्यावर परिस्थिती हाताबाहेर गेली.

४ सप्टेंबर २०१८ ला वनविभागाने आदेश काढला. आधी वाघिणीला बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करा. ते जमलं नाही तर आणखी जीव जाऊ नयेत म्हणून गोळी घाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात हस्तक्षेप केला नाही आणि ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. मग दोन महिने मोठी मोहीम चालली. ट्रॅप कॅमेरे, ड्रोन, हत्ती, शिकारी कुत्रे आणि अगदी परदेशी अत्तरसुद्धा वापरून झालं. मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती छावणीतून सुटला आणि त्याच्या पायाखाली एका बाईचा जीव गेला. वाघिणीपासून माणसं वाचवायच्या मोहिमेतच एक माणूस गेलं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ वाघीण मारली गेली. गोळी झाडली होती हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांचे चिरंजीव असगर अली खान यांनी. त्यांच्या बाजूची हकीकत थोडक्यात अशी: पथक उघड्या जीपमधून गेलं, वनविभागाच्या कर्मचाऱ्याने डार्ट मारला, वाघीण चवताळून पथकावर धावून आली आणि काही मीटरांवरून स्वतःच्या आणि सोबत्यांच्या बचावासाठी गोळी झाडावी लागली. गावांत फटाके फुटले, पेढे वाटले गेले. शहरांत मेणबत्त्या लागल्या.

यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने चौकशी केली आणि डिसेंबरमध्ये तिचे निष्कर्ष बाहेर आले. समितीने स्वसंरक्षणाच्या दाव्यावर गंभीर शंका घेतली. गोळी लागली तेव्हा वाघिणीचं तोंड नेमबाजाकडे नव्हतं, डार्टमधलं औषध छप्पन तासांपूर्वी भरलेलं होतं, पथकात पशुवैद्य नव्हता, शस्त्र कायदा आणि पशुवैद्यक परिषद कायदा यांचा भंग झाला, प्राधिकरणाची ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, अशी ही यादी होती.

आता वाचायला बसू.

पहिला गोंधळ: परवानगी की स्वसंरक्षण?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ११ काढून बघा. लहान कलम आहे, पंधरा मिनिटांत वाचून होतं. त्यात दोन वेगळे दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा पोटकलम (१) चा. अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली, तर ते कारणं नोंदवून लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतात. अट एकच: प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशीही त्यांची खात्री झाली पाहिजे.

दुसरा दरवाजा पोटकलम (२) चा. स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या बचावासाठी सद्भावनेने प्राण्याला मारलं किंवा जखमी केलं, तर तो गुन्हा नाही. इथे आदेश लागत नाही, परवानगी लागत नाही. लागते ती फक्त त्या क्षणाची गरज.

बोराटीच्या चर्चेत हे दोन दरवाजे सतत एकमेकांत मिसळले. 'न्यायालयाने परवानगी दिलीच होती, मग वाद कशाचा?' असं एक जण म्हणतो. 'धावून आली, काय करणार?' असं दुसरा म्हणतो. दोघांना वाटतं आपण एकच बाजू मांडतोय. प्रत्यक्षात ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना थोडी अडचणीतही आणतात. परवानगी पुरेशी असती तर स्वसंरक्षणाचा आधार घ्यायची गरज नव्हती. आदेशात 'आधी बेशुद्ध करा' ही पायरी होती. ती पायरी नीट पार पडली होती का, हा प्रश्न उभा राहतो म्हणूनच दुसऱ्या दरवाजाकडे जावं लागतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये हे प्रकरण अवमान याचिकेच्या रूपाने पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेच बंद झालं. मारण्याला आधीच न्यायालयाची संमती होती, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. अनेकांनी याचा अर्थ 'स्वसंरक्षणाचा दावा मान्य झाला' असा लावला. पण न्यायालयासमोरचा प्रश्न अवमान झाला की नाही, एवढाच होता. वाघीण धावून आली होती का, हा प्रश्न तिथे सुटला नाही, कारण तो तिथे तपासायचाच नव्हता. तुमच्या साहित्य-आढाव्यात असं नेहमी घडेल: एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाखाली उद्धृत केलेलं दिसेल. मूळ कागद उघडल्याशिवाय ते कळत नाही.

दुसरा गोंधळ: वाघीण गुन्हा करू शकते का?

स्वसंरक्षण म्हटलं की लोक भारतीय दंड संहितेची कलमं ९६ ते १०६ सांगतात. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आली आहे. त्यात खाजगी बचावाच्या हक्काच्या चौकटी आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो, भीती संपली की तोही संपतो.

पण ही कलमं शरीराविरुद्धच्या 'अपराधा'पासून बचाव करायचा हक्क देतात. वाघीण अपराध करत नाही. तिला ना कायदा कळतो, ना हेतू असतो. म्हणून माणसामाणसांतल्या स्वसंरक्षणाची चौकट इथे जशीच्या तशी बसत नाही आणि वन्यजीव कायद्याला स्वतःचं वेगळं पोटकलम ठेवावं लागलं.

हा मुद्दा नीतिशास्त्रातही आहे. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये 'निष्पाप धोका' ही कल्पना मांडली: ज्याचा काहीच दोष नाही, पण ज्याच्यामुळे तुमचा जीव जाणार आहे, असा कुणी. त्याला मारून स्वतःला वाचवणं योग्य आहे का? ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९९१ च्या निबंधात याचं उत्तर 'हो' असं दिलं. बचावाचा हक्क समोरच्याच्या दोषावर अवलंबून नसतो, असं त्यांचं म्हणणं. इतर तत्त्वज्ञांनी त्याला विरोध केला आणि तो वाद आजही चालू आहे.

आपल्या प्रकरणात याचा उपयोग काय? 'वाघीण निष्पाप होती, पिल्लांची आई होती' हे वाक्य स्वसंरक्षणाचा दावा खोडून काढत नाही. ती निष्पाप होती हे शंभर टक्के खरं धरलं, तरी धावून येणाऱ्या निष्पाप वाघिणीसमोर उभ्या माणसाला मरायला सांगता येत नाही. आणि 'ती नरभक्षक होती' हे वाक्य दावा सिद्धही करत नाही. आधी तेरा माणसं मारलेली वाघीण त्या रात्री त्या क्षणी पाठ फिरवून चालली असेल, तर तो क्षण बचावाचा नव्हता. दोन्ही बाजूंची सगळ्यात आवडती वाक्यं इथे निरुपयोगी आहेत.

जखम काय सांगते आणि काय सांगत नाही

आता पुराव्याकडे येऊ. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूने, खांद्याच्या भागातून आत गेल्याचं दिसलं. आतला रक्तस्राव आणि हृदय-श्वसनक्रिया बंद पडणं, हे मृत्यूचं कारण. यावरून समितीने वाघिणीची दिशा ठरवली.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडं थांबायला हवं. दोन गृहीतकं समोरासमोर ठेवा. पहिलं: वाघीण सरळ पथकावर येत होती. दुसरं: ती आडवी किंवा दूर चालली होती. पहिलं खरं असेल तर गोळी समोरून, छातीत किंवा डोक्याकडे लागण्याची शक्यता जास्त. दुसरं खरं असेल तर कुशीत किंवा मागून लागण्याची शक्यता जास्त. जखम बाजूला आहे, म्हणजे पुरावा दुसऱ्या गृहीतकाच्या पारड्यात वजन टाकतो. चांगलंच टाकतो.

पण तिसरं गृहीतकही आहे: ती आली आणि शेवटच्या क्षणी वळली. धावणारं जनावर अर्ध्या सेकंदात अंग फिरवतं. जीपही हलत असू शकते. जखमेची जागा हे तिसरं गृहीतक पूर्ण बाद करू शकत नाही.

याहून मोठी अडचण अशी की जखम वाघिणीच्या शरीराची दिशा सांगते आणि कायदा माणसाच्या मनातली भीती विचारतो. भीती वाजवी होती का, हे ठरवताना दिशा हा एक धागा असतो, सगळा गोफ नसतो. १९७९ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात, वाघाला गोळी घालणाऱ्या माणसाचा स्वसंरक्षणाचा दावा मान्य केला. अशा वेळी जनावर कोणतं होतं आणि परिस्थिती काय होती, हे बघावं लागतं. अपवादाचा आधार घेणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, पण त्याला संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. ते जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरतं.

माझ्या वाचनात गोळीपेक्षा डार्टचा पुरावा जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं गेलं. वाघिणीच्या मागच्या डाव्या पायावर सापडलेला डार्ट बंदुकीतून सुटून लागलेल्या डार्टसारखा वाटत नाही, अशी शंका चौकशीत नोंदवली गेली. का महत्त्वाचा? स्वसंरक्षणाची सगळी हकीकत एका साखळीवर उभी आहे: आधी डार्ट, मग चवताळणं, मग धावून येणं, मग गोळी. गोळीची दिशा ही साखळीची शेवटची कडी आहे आणि तिथे वादाला जागा आहे. डार्ट ही पहिली कडी आहे. ती निसटली तर 'मग' या शब्दाला काही आधारच उरत नाही. पुरावा वाचताना नेहमी विचारा: कोणती गोष्ट खोटी ठरली तर बाकी सगळं कोसळेल? आधी ती तपासा. टीव्हीवर मात्र महिनाभर वाघिणीच्या तोंडाची दिशा चालली होती.

आणखी एक तर्क कानावर येतो: त्याच डिसेंबरमध्ये तिच्या मादी पिल्लाला बेशुद्ध करून पकडता आलं, म्हणजे आईलाही पकडता आलं असतं. हा तर्क आकर्षक आहे आणि कच्चा आहे. वेगळं पथक, वेगळे हत्ती, वेगळ्या वयाचा प्राणी, वेगळा महिना. एवढे चल बदलल्यावर एका उदाहरणावरून दुसऱ्याबद्दल काही सांगता येत नाही. आपल्या मताच्या बाजूचा असला तरी कच्चा तर्क कच्चाच.

तिसरा प्रश्न: त्याआधीचे तास

आता मला जे मुख्य म्हणायचं आहे ते. स्वसंरक्षणाची चर्चा नेहमी शेवटच्या सेकंदाभोवती फिरते. पण कलम ११(२) ला एक परंतुक जोडलेलं आहे, आणि ते मागे बघायला लावतं. बचावाची वेळ आली तेव्हा जो माणूस या कायद्याचा, त्याखालच्या नियमाचा किंवा आदेशाचा भंग करत होता, त्याला हे संरक्षण मिळत नाही. माणसामाणसांतल्या बचावाबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात हाच धागा धरला: हा हक्क अचानक संकटात सापडलेल्याचा आहे, आणि ते संकट त्याने स्वतः निर्माण केलेलं नसावं.

मग बोराटीचं संकट कुणी निर्माण केलं? डार्ट लागल्यावर औषधाचा अंमल चढायला काही मिनिटं जातात, कधी दहा-पंधरा. त्या मधल्या वेळात जनावर दुखावलेलं, घाबरलेलं आणि पूर्ण शुद्धीत असतं. म्हणजे डार्टनंतर हल्ला होऊ शकतो, ही अनपेक्षित घटना नाही. ती त्या कामाचा माहीत असलेला भाग आहे, म्हणूनच पशुवैद्य, आडोशाचं वाहन, नीट अंतर आणि ताजं औषध लागतं. चोवीस तासांत वापरायचं औषध छप्पन तास जुनं, वेळ रात्रीची, गाडी उघडी, पशुवैद्य सोबत नाही. अशा तयारीने काही मीटरांवर वाघिणीला गाठलं, तर उरणारा एकच उपाय म्हणजे बंदूक. त्या सेकंदाला दुसरा पर्याय नव्हता हे मान्य केलं, तरी पर्याय संपवत आणणारे तास माणसांचेच होते.

शस्त्राचा स्वभावही इथे बघा. नुसती काठी हातात असलेला माणूस वाघ दिसला की मागे सरतो. रायफल असलेला माणूस पुढे जातो, कारण पुढे जाणं त्याला परवडतं. शस्त्र संकटातून सोडवतं हे खरं, पण कधीकधी संकटापर्यंत चालत नेतंही तेच.

इथपर्यंत मी समितीच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. पण टीका दोन्हीकडे लागू झाली पाहिजे. समितीच्या यादीत शस्त्र कायद्याचा भंग आहे, पशुवैद्यक परिषद कायद्याचा भंग आहे. ते गंभीर आहेत आणि त्यांची वेगळी जबाबदारी आहे. पण परंतुकात शब्द आहे 'या कायद्याचा'. शस्त्र परवान्याचा प्रश्न हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा प्रश्न. तेवढ्यावरून वन्यजीव कायद्यातला बचाव आपोआप हिरावला जात नाही. परंतुकासाठी खरा महत्त्वाचा मुद्दा आहे तो आदेशातली 'आधी बेशुद्ध करा' ही अट आणि प्राधिकरणाची कार्यपद्धती. त्या कार्यपद्धतीला या कायद्याखालचा 'आदेश' म्हणायचं की नुसती मार्गदर्शक सूचना, इथे कायदेशीर लढाई आहे. यादी लांब असली की पुरावा भक्कम वाटतो. पण दहा मुद्द्यांपैकी प्रश्नाला लागणारे दोनच असतील, तर मोजायचे दोनच.

अजून एक बारकावा. पोटकलम (२) मध्ये 'सद्भावनेने' असा शब्द आहे. दंड संहितेत सद्भावनेची व्याख्या कडक आहे: योग्य काळजी आणि लक्ष नसेल तर ती सद्भावना नव्हे. पण वन्यजीव कायद्यात या शब्दाची स्वतःची व्याख्या नाही, म्हणून १८९७ चा सर्वसाधारण खंड अधिनियम बघावा लागतो. तिथे प्रामाणिकपणे केलेली गोष्ट सद्भावनेची, मग ती निष्काळजीपणे केलेली असली तरी. थोडक्यात, निष्काळजी पण प्रामाणिक माणसाला कायदा कदाचित सोडेल. नीती सोडेल का? ढिसाळ तयारीने गेल्यामुळे जीव गेला, तर 'मी मनापासून घाबरलो होतो' एवढं उत्तर पुरत नाही. बेकायदा होतं का आणि चुकीचं होतं का, हे दोन प्रश्न अलग ठेवा. चर्चेत ते एकाच वाक्यात येतात आणि मग दोन्हींची उत्तरं बिघडतात.

हाच गज गुराख्याला लावला तर?

एखादा निकष बरोबर आहे की नाही हे बघायची सोपी रीत म्हणजे तो आपल्याला ज्याच्याबद्दल सहानुभूती आहे त्याला लावून बघणं.

'संकट स्वतः ओढवून घेतलं असेल तर बचाव नाही' हा निकष टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गुराख्याला लावा. ढोरं आत गेली, त्यांच्यामागे हा गेला. परवानगी नाही. झुडपातून अस्वल अंगावर आलं, याने कुऱ्हाड घातली. अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश हा याच वन्यजीव कायद्याचा भंग. म्हणजे परंतुकाच्या शब्दांनुसार याचा बचाव गेला! तोच माणूस राळेगावच्या प्रादेशिक जंगलात असता तर भंग झालाच तर वन अधिनियमाचा झाला असता, आणि परंतुक लागलं नसतं. जिवाची भीती तीच, कुऱ्हाड तीच, फरक फक्त नकाशावरच्या रेषेचा.

हे काही बरोबर वाटत नाही. पांढरकवड्याकडची कोलाम आणि इतर कुटुंबं जंगलात हौसेने जात नाहीत. चारा, सरपण, तेंदूपत्ता, जंगलाला लागलेलं वावर, रात्रीची जागल, सगळं तिथेच आहे. त्यांच्या बाबतीत 'संकट ओढवून घेतलं' म्हणणं म्हणजे गरिबीला गुन्हा म्हणण्यासारखं आहे.

पण मग मोहिमेतलं पथक तरी हौसेने गेलं होतं का? त्यांनाही कुणीतरी पाठवलंच होतं. गावं वाट बघत होती, आदेश निघाला होता, कुणालातरी जावंच लागणार होतं. आग विझवणारा जवान स्वतःहून आगीत शिरतो म्हणून त्याचा हक्क जात नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

म्हणून निकष सुधारायला हवा. धोक्याच्या जागी गेला का, हा प्रश्न चुकीचा आहे. गुराखीही जातो, जवानही जातो. योग्य प्रश्न असा: धोका कमी करायची साधनं आणि माहिती त्याच्या हाताशी होती का, आणि असून त्याने ती वापरली नाहीत का? गुराख्याकडे काठी आणि आवाज याशिवाय काहीच नसतं. मोहिमेकडे दोन महिने होते, पशुवैद्य होते, हत्ती होते, लिहून ठेवलेली कार्यपद्धती होती. साधनं जितकी जास्त, तितका 'माझ्यापुढे पर्यायच नव्हता' या वाक्याचा हिशेब कडक. बलवानाने जास्त उत्तर द्यायचं आणि दुबळ्याने कमी. परंतुकाचे आजचे शब्द हा फरक करत नाहीत. कागदावर ते दोघांना समान वागवतात आणि व्यवहारात गुराख्यावर जास्त जड पडतात, कारण वकील कुणाला परवडतो हे सांगायला नको.

संशोधनाला निघालेल्यांसाठी

हे प्रकरण जुनं झालं असं म्हणाल तर झालेलं नाही. विदर्भात माणूस आणि वाघ यांची गाठ रोज पडते, आणि असे आदेश पुढेही निघतील. पुढच्या पथकाने काय तयारीने जावं आणि पुढच्या गुराख्याला कायद्याने कसं वागवावं, हे आपण बोराटी कशी वाचतो त्यावर थोडंफार ठरणार आहे.

सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल तर इथे किमान तीन आहेत. कलम ११(२) च्या परंतुकाचा वापर गावकऱ्यांविरुद्ध किती आणि मोहिमांविरुद्ध किती झाला? बेशुद्ध करायच्या मोहिमांमध्ये औषध, अंतर आणि वेळ यांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात? आणि 'वाजवी भीती' ठरवताना न्यायालयं प्राण्याच्या वर्तनाबद्दल कोणता पुरावा ग्राह्य धरतात? तिसऱ्या विषयात प्राणिशास्त्राचा आणि विधीचा विद्यार्थी एकत्र बसले तर फार चांगलं काम होईल.

आणि तुमच्या गाइडने उद्या एखादा अहवाल वाचायला दिला, तर आधी एका कागदावर तीन रकाने पाडा: विचारलेला प्रश्न, दिलेला पुरावा, काढलेला निष्कर्ष. टी-१ च्या बाबतीत पहिल्या रकान्यात 'ती धावून आली होती का' असं सगळ्यांनी लिहिलं. तिथे 'ती धावून येईल अशी वेळ कुणी आणली' असं लिहून बघा. बाकीचे दोन रकाने तुम्हाला नव्याने भरावे लागतील.

कलम ११ वाचून काही वेगळं दिसलं तर जरूर कळवा. विशेषतः विधी शाखेच्या मित्रांनी.